मधलं माणूस

धुरपदाबाई लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून थोरल्या दिराशी तोंडानं एक शब्द बोललेली नव्हती. भांडण होतं म्हणाल तर बिलकूल नाही. बलभीमआबांसारखा भला माणूस अख्ख्या भावकीत सापडायचा नाही, असं तीच दुसऱ्यांना सांगायची. पण रीत म्हणजे रीत. थोरला दीर सासऱ्याच्या जागी. त्यानं अंगणात पाऊल टाकायच्या आधी खाकरायचं, हिनं पदर पुढं ओढून आत सरकायचं, आणि सांगण्यासारखं काही असलंच तर मधी माणूस घ्यायचं.

ते मधलं माणूस म्हणजे थोरली जाऊ. "त्यांना म्हणावं, वखर न्यायचा तर न्या," इकडून धुरपदाबाई. "तिला म्हणावं, उद्या नेतो," तिकडून आबा. दोघंही एकाच ओसरीवर, एकमेकांचं सगळं ऐकत. जावेनं नुसती मान हलवायची, की निरोप पोचला.

पुढं धुरपदाबाईचा नवरा गेला, मागोमाग जाऊही गेली. वाटण्या कधीच्या झालेल्या. दोन घरं, मधी एक भिंत. मग बोलणं जनावरांमार्फत व्हायला लागलं. "आज कढी लई झाली बाई, कुणाला लागत असली तर न्यावी," असं ती मांजराला सांगायची, आणि भिंतीपलीकडून आबा बैलाला म्हणायचे, "कढी मिळाली तर बरं व्हईल रं, घसा धरलाय." मांजर शहाणं, बैल त्याहून शहाणा. कुणी उलटून बोललं नाही.

पट्टा आणला योगीराजनं, धुरपदाबाईच्या लेकानं. तो पुण्याला कंपनीत. मागं एकदा ती अंगणात घसरून पडली आणि ही खबर त्याला समोरच्या हरणाबाईकडून कळली, तीही गुडघ्याची सूज उतरल्यावर. पुढच्या खेपेला तो काळा रबरी पट्टा घेऊनच आला, मधी चपटी डबी असलेला.

"माय, मनगटावरनं काढायचा न्हाय. तू पडलीस की ह्याला कळतं."

"माज्या आदी कळतं का?"

"चेष्टा नगं. पडलीस की हा गुरगुरणार आन् इचारणार, बरं हाय का म्हणून. बरं असलं तर हे हिरवं दाब. काय दाबलं न्हाय, न्हायतर लाल दाबलं, तर आदी आबांचा फोन वाजंल, मग माजा."

"आबांचा कशापायी?"

"मग कुणाचा? पुण्याहून म्या उडत येऊ? भिंतीपल्याड तेच हायत."

यात खोट काढायला जागा नव्हती. तिनं मनगट पुढं केलं.

पट्टा मोठा इमानी निघाला, जरा जास्तच. गोधडी धुताना तिनं दगडावर आपटली की त्याला वाटायचं बाई पडली. हात फेसात, हिरवं दाबायला सापडायचं नाही, आणि पलीकडं आबांचा फोन कोकलायचा. आबा तो उचलायचे नाहीत. उचलला म्हणजे भावजयीशी बोलणं आलं. काठी घेऊन ते ओसरीपर्यंत यायचे, पाठ फिरवून उभे राहायचे, खाकरायचे आणि खांबाला विचारायचे, "घरात बरं हाय का?" मग धुरपदाबाई आतून ताट वाजवायची, नाहीतर तांब्या. वाजला म्हणजे बरं हाय. आबा माघारी. हे कुणी ठरवलं नव्हतं, आपोआप ठरत गेलं.

पौषातल्या थंडीची गोष्ट. तुरीच्या राशी चालू होत्या, गल्लीतली झाडून सारी बाईमाणसं रानात. धुरपदाबाईनं बादलीत सोडायचा तो हीटर लावला आणि पाणी तापत आलं तेवढ्यात लाईट गेली. आता हीटरचं बटण मोडून बरेच दिवस झालेले; बोर्डात पिन घातली की चालू, काढली की बंद. बोर्ड स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यामागं. पिन इतकी घट्ट बसायची की उपसायला दोन्ही हात लागायचे. धुरपदाबाईनं हिशेब केला, लाईटच न्हाय तर पिनीशी झटापट कशाला? अंघोळ करून काढू. स्वयंपाकघराला लागूनच न्हाणी. वायर दाराच्या वरून आत आलेली. तिनं हीटर बादलीतून काढून खिळ्याला अडकवला, पत्र्याचं दार ओढून घेतलं. कडी लावली नाही. घरात एकटी बाई, कडी कुणासाठी?

जुना परकर छातीशी बांधून चार तांबे अंगावर घेतले असतील नसतील, डावा पाय सरकला. सावरायला हात वर गेला तो वायरीवर. वायर, हीटर, बादली, बाई, सगळं एकदम खाली आलं. कमरेखाली काहीतरी कडकन् मोडलं, ऊस मोडावा तसं.

आधी कळ आलीच नाही. आधी पट्टा गुरगुरला. मग एका बाईचा गोड आवाज आला, हळदीकुंकवाला बोलवावं तसा. "तुम्ही ठीक आहात का? ठीक असाल तर हिरवं बटण दाबा."

धुरपदाबाईच्या डोळ्यापुढं पहिल्यांदा काय आलं असेल? लेक नाही, दवाखाना नाही. आबा आले. फोन कोकलणार, आबा काठी घेऊन निघणार, आणि आपण इथं ओल्या परकरात, खांदे उघडे, डोईवर पदर नाही. ज्यांना एवढ्या वर्षांत हनुवटीच्या वरचं तोंड दाखवलं नाही, त्यांना हे दाखवायचं? तिनं हिरवं दाबलं.

"धन्यवाद," ती बाई म्हणाली आणि गप्प झाली.

मग कळ आली. अशी आली की तिला वाटलं, आपणच ओरडलो. पण तोंडातून हवाच निघाली. उजवा पाय आपला नव्हताच जणू, भलत्याच बाजूला तोंड करून पडला होता. ती दातावर दात दाबून पडून राहिली. हरणाबाई दुपारी भाकरी खायला येईल, तोवर कळ काढू, असं मनाला समजावलं. पाणी मोरीकडं जाईना. मोरीच्या तोंडाशी बादली आडवी पडलेली. ते सगळं तिच्या भोवतीच साचलं होतं, दाराच्या फटीतून थोडं स्वयंपाकघरात चाललं होतं.

आणि त्या पाण्यात, तिच्या टाचेपाशी, हीटर पडला होता.

ती त्याच्याकडं बघत राहिली. पिन आत आहे. लाईट गेलीये, पण गेलेली लाईट परत येते. कधी येते ते मात्र कुणालाच सांगता येत नाही. गेली की कधी घटकाभरात येते, कधी दुपार उलटते. मागं याच गावात एकाची म्हैस ओल्या अंगणात वायरीवर पाय पडून उभ्या जागी गेली होती. म्हशीला निदान चार पाय होते.

तिनं वायर धरून ओढली. पिन निघेल म्हणून ओढली. पिन कसली निघते. दाराच्या वरून सैल वायर तेवढी आत आली आणि हीटर तिच्या टाचेला येऊन टेकला. गार लोखंड. तिनं पाय मागं घ्यायला बघितला आणि डोळ्यापुढं अंधार झाला.

आता लाल दाबायला हवं, हे तिला कळत होतं. अंगठा बटणावर ठेवलाही. पण साडी खुंटीवर होती.

शहाणं माणूस म्हणेल, जिवावर बेतलंय आणि बाईला साडीचं पडलंय. शहाण्या माणसाला भावजय होऊन बघायला पाहिजे. साडीचं एक टोक खाली लोंबत होतं. तिनं तांब्या हातात घेऊन हात लांब केला, तांब्याच्या काठानं ते टोक जवळ ओढायला बघितलं. नाही आलं. दर ओढीला कमरेतून सुरी फिरावी तसं होत होतं. प्रत्येक खेपेला ती कान देऊन ऐकायची, स्वयंपाकघरातला फ्रीज गुरगुरला का? फ्रीज गुरगुरला की संपलं. शेवटी टोक बोटात सापडलं, साडी सळसळत खाली आली, अर्धी पाण्यातच. ती तशीच ओली तिनं डोईवरून, खांद्यावरून ओढून घेतली. थंडीनं दात वाजायला लागले. पण पदर डोक्यावर आला.

मग लाल दाबलं.

भिंतीपलीकडं फोन कोकलला. काठीची ठकठक आली. अंगण. ओसरी. खाकरणं.

"घरात बरं हाय का?" आबांनी खांबाला विचारलं.

धुरपदाबाईला हायसं वाटलं आणि तिनं हातातला तांब्या फरशीवर दणादणा वाजवला. हाताला सवय तीच होती. तांब्या वाजला, मग तिच्या ध्यानात आलं आपण काय केलं.

बाहेर आबा समाधानानं "हं" म्हणाले. काठी वळली. ठक. ठक.

ती काठी अंगणात उतरतेय हे तिनं ऐकलं आणि तोंड उघडलं. पण हाक काय मारायची? भावजी म्हणायचं का दादा? इतक्या वर्षांत या माणसाला हाक मारायची वेळच आली नव्हती. नवऱ्याला 'अवो' म्हणत होती; ते यांना म्हणता येत नाही. काठी लांब चालली होती.

"आबा!"

योगीराज म्हणायचा तेच निघालं. काठी थांबली. बाहेर इतकं चिडीचूप झालं की तिला वाटलं, म्हाताऱ्याला झटका आला का काय. लग्नापासून जो आवाज जावेशी नाहीतर मांजराशीच बोलताना ऐकला, तो नाव घेऊन हाक मारतोय म्हटल्यावर त्यानं तरी काय समजावं?

"आबा, जाऊ नका. म्या न्हाणीत पडलेय. उठता येईना."

"आलो," आबा म्हणाले. खांबाला नाही, तिला. काठी पळत आल्यासारखी आली. मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबली, आणि चपला काढल्याचा आवाज आला.

"चपला काढू नका!"

"आगं, सैपाकघर हाय. देव हायत आत."

"घाला आदी. खाली पाणी आलंय. हीटर पाण्यात पडलाय, पिन बोर्डातच हाय. लाईट आली तर म्या बी जाईन आन् तुमी बी."

"देव काय म्हणतील," आबा पुटपुटले.

"देव माफ करतील, आबा. लाईट न्हाय करायची."

टायरच्या तळव्यांचा चपक चपक आवाज स्वयंपाकघरात आला. हे घर आबांनीच उभ्यानं बांधून घेतलेलं, पण ती आत नांदायला लागल्यापासून या उंबऱ्याच्या आत त्यांचा पाय पडला नव्हता. काय कुठं आहे त्यांना ठाऊक नव्हतं.

"कुठं हाय बोर्ड?"

"देवाच्या उजव्या अंगाला. पिठाचा डबा हाय बगा मोठा."

"डबा घावला."

"तो बाजूला सारा. त्याच्या मागं."

डबा सरकला. काहीतरी फुटलं, बहुतेक लोणच्याची बरणी. "दोन पिना हायत हितं."

"काळ्या वायरीची काडा. पांढरी फ्रीजची हाय."

"निघंना."

"दोन्ही हातानं वडा. काठी ठेवा खाली."

आणि नेमका तेव्हा पट्टा बोलला, योगीराजच्या आवाजात. "माय? माय, मीटिंगमधी होतो गं, आता बगितलं. काय झालं? आबांना सांगू का? काय निरोप सांगू त्यांना?"

"गप ऱ्हा जरा," धुरपदाबाई म्हणाली. "म्या आबांशी बोलतीया. मधी बोलू नगंस."

पुण्याला योगीराजचं काय झालं ते तोच जाणे. स्वयंपाकघरात आबा कण्हत होते, "ये की भायेर, ये की," असं पिनीला म्हणत होते. मग खटकन् आवाज झाला आणि आबा कशावर तरी धडपडले.

"आबा?"

"निघाली. हातात हाय माज्या."

तिनं डोळे मिटले. टाचेला हीटर अजून टेकलेला होता, पण आता ते नुसतं लोखंड होतं. मग ती पट्ट्याला म्हणाली, "योगी, कमर मोडली बग. हरणाबाईला फोन कर, रानात हायत समद्या. आन् लोहाऱ्याच्या मल्लेशला जीप घिऊन यायला सांग."

भीती सरली, तशी थंडी चढली. बोलता बोलता तिची जीभ जड झाली. दाराबाहेरून आबांना ते कळलं असावं.

"बाई, थरथरतीयास तू. माजी घोंगडी टाकतो अंगावर. येऊ का आत?" मग लगेच, "मोतीबिंदूनं तसं बी मला काय दिसत न्हाय. म्हैस का रेडा कळंना झालंय."

मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यांनी उमरग्याला मागच्याच साली केलं होतं, आणि कालच भिंतीवरून तिच्या दाराशी निघालेला विंचू त्यांनी काठीनं अचूक टिपला होता. पण धुरपदाबाईनं ते बोलून दाखवलं नाही.

"या," ती म्हणाली.

पत्रा करकरला. आबा डोळे घट्ट मिटून आत आले. तोंड असं केलेलं, जणू एरंडेल प्यायला लावलंय. एका हातात पिन होती ती होतीच. वायर मागं फरपटत होती. दुसऱ्या हातानं त्यांनी घोंगडी पसरली आणि ती नीट, चारी बाजूंनी चापून घातली.

"आबा, ती बादली हाय."

"आं?"

"बादलीला पांगरूण घातलंत. म्या हिकडं हाय."

आबांनी एक डोळा किंचित किलकिला केला, घोंगडी उचलून तिच्या अंगावर टाकली आणि उलट्या पावली बाहेर गेले. दाराशी पाठ लावून बसले. पत्र्यापलीकडून त्यांचा श्वास तिला ऐकू येत होता.

"झोपू नगंस."

"न्हाय झोपत."

"बोल कायतरी. समद्या येईस्तवर बोलत ऱ्हा."

काय बोलायचं? इतक्या वर्षांचं साठलेलं, आणि एक शब्द सुचेना. डोळे मिटायला लागले. बरं वाटायला लागलं, गरम वाटायला लागलं, आणि तेच वाईट होतं.

"धुरपदा!" आबांनी पत्र्यावर मूठ हाणली. घरात आल्यापासून तिचं नाव त्यांनी पहिल्यांदा घेतलं. "ती कढी. त्यात काय घालतीस तू?"

"...लसूण."

"लसूण समदेच घालत्यात."

"ठेचून न्हाय घालत. आख्खा भाजून घालते."

"तुज्या जावंला लाख सांगितलं म्या, तुजी कढी कशी व्हती ते इचारून ये. आली न्हाय शेवटपातुर. म्हणायची, म्या काय तिच्याहून कमी हाय?" आबा थांबले. "मग? अजून काय?"

"आबा, थंडी वाजतीया."

"वाजू दे. थंडी वाजतीया तवर बरं हाय. अजून काय घालतीस?"

असं त्यांनी तिला हिंगावरून मेथीवर, मेथीवरून तिच्या माहेरच्या ताकावर नेलं. गप्प झाली की पत्र्यावर मूठ पडायची. ती चिडून उत्तर द्यायची, आणि चिडण्यापुरती का होईना जागी राहायची. दरम्यान फ्रीज काही गुरगुरला नाही. बाहेर धावत्या पायांचा आवाज आला, हरणाबाई आणि तिची सून तुरीच्या भुशानं माखलेल्या आत घुसल्या, आणि आबा उठून भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

बाजेवर घालून तिला जीपमध्ये ठेवलं. हरणाबाईची सून सोबत बसली. मल्लेश खड्डे चुकवत उमरग्याकडं निघाला आणि एकही खड्डा चुकला नाही. दवाखान्यात फोटो काढला. खुब्याचं हाड मोडलं होतं, सळई घालावी लागणार होती. लेक पुण्याहून निघाला होता. डॉक्टर म्हणाले, "गारठून गेल्या होत्या आजी. झोपल्या असत्या तर अवघड होतं." सळईचं त्यांनी बरंच समजावलं, पण धुरपदाबाईला झोपेचं तेवढंच ऐकू आलं.

दिवेलागणीला सोबत आलेल्या सुनेचा फोन वाजला. गावाकडून हरणाबाई. न्हाणी, स्वयंपाकघर सगळं पुसून काढलं म्हणाली. बरणी फुटली ती आंब्याच्या लोणच्याची.

"लाईट आली का?" धुरपदाबाईनं विचारलं.

"आत्ता आली बगा, घटकाभर झाली. पर तुमच्या थोरल्यांचं काय करू? जीप गेल्यापासनं बोर्डाफुडं बसल्यात. पायात चपला, हातात पिन. भाकर आणून दिली, खाल्ली न्हाय. म्या म्हणलं आबा, आता कोरडं झालं समदं, ठेवा ती. तर म्हणत्यात, तिनं काडा म्हणलं. ठेवा म्हणलं न्हाय अजून."

धुरपदाबाई डोक्यावरचा पदर नीट करायला गेली, तर हाताला सलाईन.

"दे त्यांच्याकडं," ती म्हणाली.

फोन या हातातून त्या हातात गेल्याचा खरखराट झाला. कुणीतरी खाकरलं.

"आबा, ठेवा आता. भाकर खाऊन घ्या."

"व्हय," आबा म्हणाले. आणि मग, "कमर?"

"मोडलीया."

"दुकतीया लई?"

"दुकतीया की."

"मग कण्ह. दातावर दात धरून पडू नगंस. तितं कोण वळखीचं हाय तुला?"